मीटरगेजवर वसलेलं शहर

नैरोबीला येणारा पाहुणा पहिल्या सकाळीच राष्ट्रीय उद्यान गाठतो. राजधानीच्या वेशीवरच सिंह आणि गेंडे दिसतात म्हटल्यावर ते साहजिकच आहे. पण हे शहर मुळात इथेच का वसलं, हे समजून घ्यायचं तर जुन्या रेल्वे स्थानकाजवळच्या संग्रहालयात एक दुपार काढावी. १९७१ साली ते सुरू झालं. आत एक दालन आहे, कंदील, तारयंत्रं, डायनिंग कारमधली भांडी असं बरंच काही आहे. खरा ऐवज मात्र मागच्या आवारात, उघड्यावर, गवतात उभा आहे.

मोम्बासाहून १८९६ साली निघालेला रूळ मे १८९९मध्ये इथे पोचला. तोवर इथे मसाई लोक गुरं पाण्यावर आणत. ‘एन्कारे न्यिरोबी’ म्हणजे थंडगार पाणी. पुढे लगेच रिफ्ट दरीचा कडा लागतो. त्या अवघड घाटात शिरण्याआधी सामान उतरवायला, इंजिनं दुरुस्त करायला सपाट जागा हवी होती आणि पाणी हवं होतं. दोन्ही इथे मिळालं. आधी डेपो आला, मग कारखाना, क्वार्टर्स, बाजार. आपलं भुसावळ असंच रेल्वेने वाढवलं. इथे मात्र त्या डेपोची थेट राजधानी झाली.

आवारात शिरल्यावर मी आधी खाली वाकून दोन रुळांमधलं अंतर पाहिलं. बरोबर एक मीटर. माझं लहानपण मनमाड-काचीगुडा छोट्या लाईनवर गेलंय, त्यामुळे ही रुंदी डोळ्यांत बसलेली आहे. हा योगायोग नाही. भारतात मीटरगेजची इंजिनं, डबे, सगळा सरंजाम तयार होता, म्हणून इथेही तेच माप घेतलं गेलं. मापाबरोबर माणसंही आणली. सुमारे ३२,००० भारतीय मजूर, बहुतेक पंजाबातले, कराचीहून बोटीत बसले. त्यांतले जवळजवळ २,५०० मेले. १८९८ साली त्सावोच्या पुलावर दोन सिंहांनी मजूर उचलून नेले, ती गोष्ट जगभर गेली. ते सिंह आज शिकागोच्या संग्रहालयात पेंढा भरून ठेवलेत. ताप आणि हगवण यांनी सिंहांहून कितीतरी जास्त माणसं नेली, पण त्यांची गोष्ट कुणी रंगवून सांगितली नाही. याचं मला फार वाईट वाटतं. रेल्वे धावू लागल्यावर गोव्याची मंडळीही आली आणि कचेऱ्यांतल्या वह्या, हिशेब त्यांच्या हाती गेले.

सिंहाची एक खूण इथेही आहे. एक लहानसा लाकडी डबा. जून १९००मध्ये कीमा स्थानकावर पोलीस अधिकारी चार्ल्स रायल नरभक्षकाच्या शिकारीसाठी याच डब्यात दोन सोबत्यांबरोबर रात्रभर दबा धरून बसला होता. पहाऱ्यावर असताना त्याचा डोळा लागला. सिंह दारातून आत आला, त्याच्या भाराने डबा कलला, सरकतं दार आपोआप बंद झालं आणि सिंह रायलला तोंडात धरून खिडकीतून बाहेर पडला. मी त्या खिडकीसमोर उभा राहिलो. एवढीशी खिडकी! अंगावर काटा आला.

आणि मग गॅरेट. ‘माउंट गेलाय’, क्रमांक ५९१८. मँचेस्टरच्या बेयर पीकॉक कारखान्याने १९५५-५६ साली अशी ३४ इंजिनं बांधली, प्रत्येकाला पूर्व आफ्रिकेतल्या एकेका पर्वताचं नाव. वजन सुमारे २५० टन. मीटरगेजवर धावलेली ही सर्वांत ताकदवान वाफेची इंजिनं. एवढं धूड अरुंद रुळावर, घाटाच्या वळणांत मावलं कसं? युक्ती सोपी आणि सुंदर आहे. चाकं आणि सिलिंडर यांचे दोन स्वतंत्र संच, एक पुढे, एक मागे, आणि दोघांच्या मधे पालखीसारखा टांगलेला बॉयलर. पुढचे भोई वळले, मग पालखी, मग मागचे भोई. बॉयलरखाली चाकं नसल्यामुळे तो हवा तेवढा जाडजूड करता येतो, आणि वजन २८ चाकांवर विभागल्यामुळे रुळावर अतिभार पडत नाही. मी कनेक्टिंग रॉडवर हात ठेवला. तो माझ्या मांडीएवढा जाड होता आणि उन्हाने तापला होता.

२०१७पासून मोम्बासाची गाडी नव्या, रुंद रुळावरून धावते. शहराबाहेरच्या नव्या स्थानकातून ती सुटते. त्याच वर्षी केनियाने आपल्या भारतीय वंशाच्या नागरिकांना देशाची ४४वी जमात म्हणून मान्यता दिली.

मी निघालो तेव्हा शाळेची सहल आली होती. गणवेशातली पोरं गॅरेटच्या शिडीवर चढायला झोंबत होती आणि एक चिमुरडी इंजिनाकडे बोट दाखवून ओरडत होती, “गारी ला मोशी!” मोशी म्हणजे धूर, हे मला शेजारच्या बाईंनी सांगितलं. ‘गारी’चा अर्थ विचारावा लागला नाही.