कापराचे समघटक : गणित आणि परीक्षा

भावप्रकाशाने कापराचे पक्व व अपक्व असे भेद सांगून अपक्व श्रेष्ठ मानला आहे. वृक्षातच स्फटिकरूपाने मिळणारा भीमसेनी कापूर म्हणजे बोर्निऑल. नेहमीच्या कापराहून त्यात हायड्रोजनचे २ अणू अधिक असतात. म्हणून हे दोन पदार्थ परस्परांचे समघटक (आयसोमर) नव्हेत. समघटक प्रत्येकाचे स्वतंत्र आहेत.

कापराच्या रेणूत असममित कार्बन २. नियमाने २ × २ = ४ समघटक व्हावेत; परंतु त्या दोहोंना जोडणारा कार्बनचा पूल वलयाच्या एकाच बाजूने जाऊ शकतो. त्यामुळे दक्षिणवलनी व वामवलनी असे २ च संभवतात. बोर्निऑलमध्ये असममित कार्बन ३. तेथे ८ ऐवजी ४ उरतात. पैकी २ बोर्निऑलचे, २ आयसोबोर्निऑलचे.

वृक्षज कापूर दक्षिणवलनी असतो. टर्पेंटाइनपासून केलेल्या कापरात दोन्ही रूपे प्रायः समप्रमाणात असल्याने वलन शून्याजवळ येते. द्रवणांकावरून मात्र भेद कळत नाही. कृत्रिम बोर्निऑलात आयसोबोर्निऑलही मिसळलेले आढळते.

चामटोलीस आमच्याकडे ‘भीमसेनी’ म्हणून येणारा खडा मी प्रथम पाण्यात टाकतो. बोर्निऑल बुडते, कापूर तरंगतो. कृत्रिम बोर्निऑलही बुडतेच. तेव्हा औषधनिर्मात्यांनी खरेदीच्या वेळी पोलॅरीमीटरवरील वलनाचा आकडा अवश्य मागावा.