माइकसमोर उभं राहायचं की बसायचं?

मराठवाड्यातल्या घनसावंगी तालुक्यात गाणारा गळा शोधायला लांब जावं लागत नाही. समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब याच तालुक्यातलं, आणि तीर्थपुरीच्या पंचक्रोशीत हरिनाम सप्ताह ही वर्षाची ठरलेली गोष्ट. सप्ताहात कीर्तनकार रात्री दोन-दोन तास उभ्यानं गातो, बोलतो, मध्येच पावली टाकतो. तेच टाळकरी भजनाला बसले की पेटीभोवती मांडी घालून बसतात. आवाज दोन्हीकडे लागतो. अलीकडे अभंग, गवळण घरच्या घरी रेकॉर्ड करून मोबाइलवर पाठवायची हौस वाढली आणि तिच्यासोबत एक नियमही पसरला: रेकॉर्डिंग उभ्यानंच करायचं, बसलं की आवाज दबतो. हा नियम अर्धाच खरा आहे. उभं की बसलेलं याला दुय्यम महत्त्व आहे. त्या स्थितीत बरगड्या, पोट, मान आणि जबडा मोकळे राहतात का, आणि तोंड व माइक यांच्यातलं अंतर टिकतं का, हे दोन प्रश्न पहिले.

उभं राहण्याच्या बाजूनं पुरावा नाही असं नाही. उभ्या माणसाच्या पोटावर मांड्यांचा दाब नसतो, त्यामुळे श्वासपटलाला खाली सरकायला जागा मिळते. लता मंगेशकर उभं राहून, पायातलं काढून गात, हे तर सर्वश्रुत आहे. पण त्या काळचा स्टुडिओ आठवावा: एकाच दालनात सगळा वाद्यवृंद, गायिकेसमोर माइक आणि गाणं तीन-चार मिनिटांचं. त्या कामाला उभं राहणं सोयीचं होतं. त्याहीआधी, १९०२ साली कोलकात्यात गौहर जान यांचं गाणं तबकडीवर उतरलं तेव्हा माइकच नव्हता. कर्ण्यात तोंड घालून जोरात गावं लागे आणि शरीर कसं ठेवायचं हे यंत्रच ठरवी. विजेच्या माइकवर ध्वनिमुद्रण सुरू झालं ते १९२५ पासून. दुसऱ्या बाजूला ख्यालगायनाची सगळी परंपरा बैठकीची. भीमसेन जोशी बसूनच गात, आणि त्यांचा आवाज दबलेला होता असं कोणी म्हणणार नाही. सुधीर फडके गीतरामायणाचे कार्यक्रम बसून, स्वतः पेटी वाजवत करत. राहिला फुफ्फुसाच्या क्षमतेचा मुद्दा. निरोगी माणसात उभं राहणं आणि ताठ बसणं यांतला फरक थोडा असतो, आणि अभंगाची एक ओळ म्हणायला पूर्ण क्षमता लागतही नाही. कुमार गंधर्वांचं एक फुफ्फुस क्षयानं जवळजवळ निकामी झालं होतं. त्यांनी श्वासाच्या बेतानं गाण्याची मांडणी बदलली आणि पुढे कित्येक वर्षं मैफली गाजवल्या. हवा किती भरता येते यापेक्षा ती कशी खर्च होते, हे गाण्यात जास्त मोजलं जातं.

मग बसून गाणाऱ्यांचा आवाज दबतो ही तक्रार खोटी का? नाही, पण दोष बसण्याचा नसून पोक काढण्याचा आहे. सपाट सतरंजीवर मांडी घातली की कंबर मागे कलते, पाठ गोल होते, छाती पोटावर येते. त्यात भजनाची वही मांडीवर. ओळ वाचायला मान खाली जाते, हनुवटी गळ्यावर दाबली जाते आणि वरच्या पट्टीतला स्वर घुसमटतो. पेटी वाजवत गाणाऱ्याची आणखी एक अडचण असते: एक हात भात्यावर, दुसरा पट्ट्यांवर, म्हणून धड एका बाजूला पिळतं आणि डोकं नकळत पट्ट्यांवर झुकतं. वर माइकमध्ये भात्याची फुसफुसही जाते. यावर उपाय स्वस्त आहे. घोंगडी किंवा चादर चौपदरी घडी करून फक्त बुडाखाली घ्यावी, गुडघे घडीच्या बाहेर जमिनीकडे राहू द्यावेत. चार बोटं उंची मिळाली तरी कंबर आपोआप सरळ होते आणि पाठ ताठ ठेवण्यासाठी वेगळा जोर लावावा लागत नाही. वही डोळ्यांच्या उंचीवर यावी. स्टँड नसेल तर पोथीची व्यासपीठं घरोघर असतात, ती पाटावर ठेवून चालतात. शक्य असेल तर पेटी दुसऱ्यानं वाजवावी. गुडघे धरलेल्या माणसानं मांडीचा हट्ट सोडून बिनहाताच्या खुर्चीच्या कडेला, पाय जमिनीवर टेकवून बसावं. त्यानं अभंगाचं पावित्र्य कमी होत नाही.

याच्या उलट टोकाचा गैरसमज शाळेच्या सावधानातून आला असावा: छाती पुढे, खांदे मागे, हनुवटी वर. फोटोला ठीक. हनुवटी उचलली की गळ्याच्या पुढचे स्नायू ताणले जातात आणि स्वरयंत्राला खालीवर हलायची मोकळीक राहत नाही. बरेच जण माइक उंच लावला म्हणून मान वर करून गातात. खरं तर माइक खाली घ्यायला हवा. गुडघे ताठ करून बराच वेळ उभं राहिलं तर पायात रक्त साचून भोवळ येऊ शकते, म्हणून ते किंचित सैल हवेत. पोट आत ओढून धरणंही चुकीचं: श्वास घेताना पोट बाहेर यायलाच हवं, मग दिसायला ते कसंही दिसो. गाण्याआधी पट्टा, परकराची गाठ सैल करावी. पुरणपोळीच्या जेवणानंतर लगेच रेकॉर्डिंग का जमत नाही, हे यावरून लक्षात यावं.

माइकजवळ गेलं की आवाजाला वजन येतं, हा समजही अर्धाच खरा. स्टुडिओतले बहुतेक माइक जवळच्या आवाजातला खर्ज वाढवतात, त्यामुळे वजन आल्यासारखं वाटतं. पण जवळ असताना मान थोडी हलली तरी फरक मोठा पडतो. तोंड ५ सेंटीमीटरवर असताना ५ सेंटीमीटर मागे सरकलं, तर आवाज सुमारे ६ डेसिबलनं उतरतो. ३० सेंटीमीटरवरून तेवढंच सरकलं तर दीड डेसिबलही नाही. म्हणून तान घेताना डोलणाऱ्यानं पुतळा होण्यापेक्षा थोडं लांब बसावं. फार लांबही नको, नाहीतर पंखा, खोलीतला घुमारा आणि उसाचा ट्रॅक्टर सगळंच येतं. १५ ते २० सेंटीमीटर हा मध्यम मार्ग. अंतराचा वापर मुद्दाम करता येतो, याचं प्रसिद्ध उदाहरण १९४९ च्या ‘महल’ चित्रपटात आहे: गाणं दुरून जवळ येतंय असं वाटावं म्हणून लताबाई लांबून माइककडे चालत येत गायल्या. शिवाय आपल्या भाषेत ख, ठ, फ, भ यांसारखे महाप्राण ठायी ठायी आहेत. त्यांच्याबरोबर हवेचा झोत सुटतो आणि समोर माइक असला की ‘धप्’ असा आवाज नोंदतो. मान वळवून तो टाळू नये. माइक तोंडाच्या रेषेपासून थोडा तिरका ठेवावा.

आता यावर जाणकार एक आक्षेप घेतील: सुखासीन बसून गाणं होत नाही, त्याला कस लागतो. बरोबर आहे. पण हा कस पोटाच्या आणि पाठीच्या स्नायूंनी द्यायचा असतो. खांदा, जबडा आणि गळ्यावर तो चढला की आवाज चिरका होतो आणि तिसऱ्या टेकला घसा बसतो. आराम म्हणजे लोडाला टेकणं नव्हे. ताण चुकीच्या जागी नसणं, एवढाच त्याचा अर्थ. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तर पंखा बंद करून गावं लागतं, तेव्हा घामेजलेलं, अवघडलेलं शरीर खोटं बोलत नाही. पहाटे गावं, दर दोन टेकनंतर उठून खांदे मोकळे करावेत. आणि मोबाइलवर रेकॉर्ड करणाऱ्यांनी एवढं तरी करावं: फोन समोर जमिनीवर ठेवू नका. त्याचा माइक बहुधा खालच्या कडेला असतो. ती कड आपल्याकडे येईल असा फोन डब्यावर, हनुवटीच्या उंचीला, वीतभर अंतरावर ठेवा. तोच अभंग एकदा बसून आणि एकदा उभं राहून म्हणा, आणि ज्यात ओळीच्या शेवटचा शब्द पुरा ऐकू येतो ती स्थिती आपली समजा.