गावतळ्याचे पाणी हिरवे का होते?

उन्हाळ्यात तळे आटू लागले की पाण्यास हिरवा रंग चढतो. 'शेवाळ धरले' एवढे म्हणून गावकरी तो विषय सोडून देतात. परंतु घाटाच्या दगडावरील शेवाळ निराळे आणि पाण्याचा हा रंग निराळा. तो पाण्यात तरंगणाऱ्या असंख्य सूक्ष्म वनस्पतींचा असतो. त्यांना वनस्पतिप्लवक म्हणतात. सूर्यप्रकाशात त्या आपले अन्न तयार करतात व प्राणवायू बाहेर टाकतात. पृथ्वीवरील एकूण प्रकाशसंश्लेषणापैकी सुमारे निम्मे समुद्रातील प्लवकांकडून होते, हे ऐकून विद्यार्थ्यांना नवल वाटेल.

या वनस्पतींस प्रकाश हवा, तसेच खतही हवे. केरळपासून गोव्यापर्यंतच्या किनाऱ्याजवळ नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात खोल थरातील गार पाणी वर येते. त्याबरोबर नत्र, स्फुरद व सिलिका ही द्रव्ये वर येतात. सिलिकेची कवचे असलेले करंडक नावाचे प्लवक त्यामुळे झपाट्याने वाढतात आणि तारलीसारखी मासळी त्यांवर पोसते. म्हणजे कोळ्याच्या जाळ्यातील मासळीचा संबंध वाऱ्याशी पोहोचतो.

गावतळ्यात खत येते ते काठावरून. शेतातून वाहून आलेले रासायनिक खत, गुरांचे शेण, धुण्याचा साबण, निर्माल्य या सर्वांतून नत्र व स्फुरद पाण्यात उतरतात. त्यात पाणी उथळ, तापलेले आणि संथ असले म्हणजे नील-हरित शैवलांचे फावते. त्यांपैकी काहींच्या पेशींत वायूच्या पोकळ्या असतात. त्यामुळे ती वर येऊन हिरव्या रंगाच्या तवंगासारखी पसरतात.

दिवसा प्राणवायू देणाऱ्या याच वनस्पती रात्री तो घेतात. म्हणूनच दाट हिरव्या तळ्यात पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडतात, व कधी मरूनही पडतात. अशा वेळी कोणीतरी विष कालवले, असा संशय गावात उठतो. शिक्षकाने खरे कारण समजावून दिल्यास निष्कारण तंटे टळतील. मात्र विषाची गोष्ट अगदीच खोटी नव्हे. काही नील-हरित शैवले स्वतःच विषारी असतात. ती कोणती, हे नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही, आणि पाणी उकळल्यानेही त्यांची काही विषे नष्ट होत नाहीत. तवंग आलेल्या तळ्यावर गुरे पाजू नयेत, मुलांना पोहू देऊ नये व आरोग्य केंद्रास कळवावे.

एकदा पाणी पाहून निष्कर्ष काढणे म्हणजे अभ्यास नव्हे. पाण्याची पारदर्शकता मोजण्यासाठी इटालियन खगोलशास्त्रज्ञ आंजेलो सेक्की यांनी १८६५ मध्ये पांढरी तबकडी पाण्यात सोडून पाहिली. शाळेत ती सहज करता येते. पत्र्याची २० सेंटिमीटर व्यासाची तबकडी कापून तिचे चार भाग आळीपाळीने काळे व पांढरे रंगवावेत. खाली वजन बांधावे. दोरीस दर १० सेंटिमीटरवर गाठ मारावी. दर आठवड्यास ठरलेल्या जागी, दुपारच्या सुमारास, शिक्षकाने स्वतः ती सावकाश सोडावी. दिसेनाशी होते ती खोली व वर ओढताना पुन्हा दिसू लागते ती खोली, या दोहोंची सरासरी मुलांनी वहीत लिहावी. शेजारी पाण्याचे तापमान, पाऊस, ढगाळ हवा, खत घालण्याचे दिवस हेही नोंदवावे. ही शेजारची नोंदच अधिक मोलाची, कारण तिच्यावाचून आकड्यास अर्थ येत नाही.

पावसाळ्यात तबकडी लवकर दिसेनाशी होते, पण त्याचे कारण बहुधा गाळ असतो. त्या दिवशी पाणी काचेच्या पेल्यात भरून रात्रभर ठेवावे. गाळ तळाशी बसतो. वरचे पाणी सकाळीही हिरवट राहिले, तर नोंदीत तसे वेगळे लिहावे.