फॉरेक्स कार्डावरची शिल्लक: ऐकीव गोष्टी आणि नियम

परदेश दौरा आटोपला की फॉरेक्स कार्ड पासपोर्टसोबत कपाटात जातं. त्यावर दोनशे-तीनशे युरो किंवा डॉलर पडून असतात. कष्टाचे पैसे केवळ ऐकीव माहितीमुळे असे अडकून राहावेत, हे मला खटकतं.

सगळ्यात पसरलेला समज म्हणजे ‘उरले ते बुडाले’. प्रत्यक्षात रिझर्व्ह बँकेचे नियम सांगतात, की कार्डधारकाने मागणी केली की बँकेने शिल्लक परत द्यायची. मंजूर झालेले पण वसूल व्हायचे राहिलेले व्यवहार, वाटेत असलेल्या व्यवहारांसाठी जास्तीत जास्त १०० डॉलर आणि लागू असलेलं शुल्क, एवढंच तिला रोखून ठेवता येतं. हॉटेलने किंवा भाड्याच्या गाडीवाल्याने अनामत म्हणून अडवलेली रक्कम सुटायला काही दिवस लागतात. म्हणून परतल्यावर आधी कार्डाचं स्टेटमेंट बघावं, सगळे व्यवहार मिटल्याची खात्री करावी आणि मग अर्ज द्यावा.

कार्डाची मुदत संपली तरी पैसे संपत नाहीत. ते नव्या कार्डावर किंवा खात्यात घेता येतात. मात्र बराच काळ न वापरलेल्या कार्डावर काही बँका शुल्क लावतात आणि शिल्लक हळूहळू झिजते.

‘मग इथल्याच दुकानात खर्चून टाकू’ असंही म्हटलं जातं. हे कार्ड भारतात, नेपाळमध्ये आणि भूतानमध्ये चालत नाही.

मुदतीबाबत दोन टोकं दिसतात. कुणाला वाटतं आल्या आल्या सगळं परत केलंच पाहिजे, कुणाला वाटतं कितीही वर्षं ठेवलं तरी चालतं. प्रवासासाठी घेतलेलं आणि न खर्चलेलं परकीय चलन परतल्यापासून १८० दिवसांत बँकेला द्यायचं असतं. २,००० डॉलरपर्यंतची रक्कम पुढच्या प्रवासासाठी ठेवण्याची मुभा आहे. वर्षभरात मुलीकडे जर्मनीला पुन्हा जायचं नक्की असेल, तर थोडे युरो कार्डावर राहू देणंच मला शहाणपणाचं वाटतं. त्याचं कारण दरात आहे.

‘ज्या दराने घेतले त्याच दराने परत मिळतील’ हा समज सगळ्यात महाग पडतो. बँकेचा विक्रीचा दर वेगळा असतो आणि खरेदीचा वेगळा. गूगलवर दिसतो तो मधला दर, तो ग्राहकाला सहसा मिळत नाही. समजा, ५०० युरो १०० रुपयांनी घेतले आणि परत देताना बँकेने ९७ चा दर लावला, तर ५० हजारांचे ४८,५०० झाले. चलनबदलावर जीएसटीही आहे. एक लाखापर्यंतच्या व्यवहारात रकमेचा १ टक्का, किमान २५० रुपये, हे सेवेचं मूल्य धरतात आणि त्यावर १८ टक्के कर लावतात. इथे तो ८७ रुपये ३० पैसे होतो. शिवाय बँकेचं शुल्क असेल तर ते वेगळं. घेताना जीएसटी भरला होता म्हणून तो परत देताना माफ होत नाही.

कार्डावर अनेक चलनं असतील तर काही जण सगळं आधी डॉलरमध्ये वळवतात आणि मग रुपये मागतात. त्यात दोनदा कापलं जातं. प्रत्येक चलनाचे थेट रुपये करून घ्यावेत.

आणि करांचं? परत आलेली शिल्लक म्हणजे उत्पन्न नव्हे, ते आपलेच पैसे आहेत. एका आर्थिक वर्षात १० लाखांहून जास्त रक्कम परदेशासाठी नेताना त्यावरच्या भागावर टीसीएस भरला असेल, तर तो सरकारकडे जमा झालेला असतो. शिल्लक परत केली म्हणून तो बँकेच्या काउंटरवर मिळत नाही. फॉर्म २६एएसमध्ये नोंद तपासून आयकर विवरणपत्रात त्याचा दावा करायचा, म्हणजे तो देय करातून वळता होतो किंवा परतावा म्हणून येतो.

पैसे कार्डधारकाच्या स्वतःच्या खात्यातच मागवावेत. कार्ड देणाऱ्या बँकेच्या शाखेत अर्ज मिळतो, काही बँकांच्या अ‍ॅपवरही सोय आहे. पॅन आणि पासपोर्टची प्रत जवळ ठेवावी. खातं दुसऱ्या बँकेत असेल तर रद्द केलेला चेकही लागतो. अर्ज देण्याआधी त्या दिवसाचा खरेदीचा दर आणि शुल्क जरूर विचारावं.