शब्द पाठ आहे, पण वापरता येतो का? फोनवर इंग्रजी शब्द शिकायची सोपी पद्धत



इंजिनिअरिंग संपवून पुण्यात नोकरीला लागलो तेव्हाची गोष्ट. पहिल्याच महिन्यात सीनियरचा मेल आला, "प्लीज रिव्हर्ट बाय इव्हिनिंग." रिव्हर्ट हा शब्द मला कोडिंगमधून माहीत होता : केलेला बदल मागे घेणे. मी दोन दिवसांचं काम मागे घेऊन टाकलं! त्यांना फक्त मेलचं उत्तर हवं होतं. गिटमध्ये सगळं जपलेलं असतं म्हणून काम परत मिळालं, पण लाज वाटायची ती वाटलीच.

चूक कुठे झाली? किनवटला शाळेत आम्ही वहीच्या मधोमध रेघ मारायचो. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. त्यामुळे एका शब्दाला एकच अर्थ ही सवय लागली. तो शब्द कोण, कुठे, कसा वापरतो हे वहीत नव्हतंच.

गंमत म्हणजे दुसरी पद्धतही आपल्या गावातच होती. किनवट तेलंगणाच्या सीमेला लागून. बाजारात मराठीसोबत तेलुगू, गोंडी, बंजारा बोली कानावर पडतात. 'एंता' म्हणजे 'किती' हे मला कुणी पाठ करायला लावलं नाही. भाव विचारताना ऐकलं आणि डोक्यात बसलं.

कोणती डिक्शनरी उघडायची?

शिकणाऱ्यांसाठी बनवलेली, म्हणजे लर्नर्स डिक्शनरी. ए. एस. हॉर्नबी हे जपानमध्ये इंग्रजी शिकवायचे. त्यांनी सहकाऱ्यांसोबत केलेला असा कोश १९४२ मध्ये जपानमध्ये निघाला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने तो छापला. पुढे १९७८ मध्ये लाँगमनने व्याख्या लिहायला साधारण २,००० सोपेच शब्द वापरले, म्हणजे अर्थ समजायला पुन्हा डिक्शनरी नको. ऑक्सफर्ड, लाँगमन, केंब्रिज यांच्या अशा डिक्शनऱ्या आज ब्राउझरवर फुकट बघता येतात.

उदाहरण घेऊ. 'हार्ड' म्हणजे कष्टाने, मग 'हार्डली' म्हणजेही कष्टाने असेल, असं वाटतं ना? व्याख्या वेगळंच सांगते : जवळजवळ नाहीच. उदाहरण : "आय हार्डली स्लेप्ट लास्ट नाइट", म्हणजे काल रात्री झोप अशी लागलीच नाही. आता इंटरव्ह्यूमध्ये कुणी "आय हार्डली वर्क" म्हणालं, तर समोरचा काय समजेल? हा माणूस कामच करत नाही!

आणि प्रश्न फक्त इंटरव्ह्यूचा नाही. यूपीआयवर २०२५ पर्यंत कुणीही तुमच्याकडे पैसे 'रिक्वेस्ट' करू शकायचं, आणि तेव्हा पैसे येणार नसायचे, तुमच्या खात्यातून जाणार असायचे. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. एक शब्द नीट कळला तर खिसा वाचतो.

मी रोज काय करतो?

१. दिवसभरात बँकेचा मेसेज, ॲप किंवा मेल यात अडलेले फक्त पाच शब्द टिपून ठेवतो.

२. लर्नर्स डिक्शनरीत आधी व्याख्या वाचतो, मग उदाहरणं. मराठी अर्थ सगळ्यात शेवटी, खात्री करायला.

३. स्वतःचं वाक्य लिहितो, तेही आपल्या गावचं. 'डिले'साठी माझं वाक्य : "द ट्रेन टू किनवट इज डिलेड." लगेच आठवतं!

४. अँकीड्रॉइड या फुकट ॲपमध्ये कार्ड बनवतो. पुढे शब्दाची जागा रिकामी सोडलेलं वाक्य, मागे शब्द आणि व्याख्या. आठवलं तर ॲप ते कार्ड जास्त दिवसांनी दाखवतं, विसरलो तर लगेच. विसरायच्या बेतात असताना आठवून पाहिलं की शब्द पक्का होतो.

५. दुसऱ्या दिवशी त्यातला निदान एक शब्द कुठेतरी वापरतो. मेसेजमध्ये चालेल, मित्राशी बोलतानाही चालेल.

चुकलं तर कुणीतरी हसेल. हसू द्या. माझ्या रिव्हर्टवर अख्खी टीम हसली होती, पण त्या शब्दाचे दोन्ही अर्थ मी आता जन्मात विसरणार नाही.