मानेतली गाठ, टीबी आणि एचआयव्हीची प्रथिने

अमरावतीचे इर्विन असो की अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय, एआरटीच्या म्हणजे एचआयव्हीवरच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाच्या मानेत गाठ आली की घरचे आधी म्हणतात, ‘टीबी असेल.’ पुष्कळदा तो असतोही. पण ती लिम्फोमाची, म्हणजे लसीकाग्रंथींच्या कर्करोगाची गाठही असू शकते. एचआयव्ही असलेल्यांत हा आजार इतरांपेक्षा जास्त आढळतो.

‘विषाणू पेशीत शिरून तिचाच कॅन्सर करतो’ हा समज चुकीचा आहे. एचआयव्ही शिरतो तो मुख्यतः प्रतिकारशक्तीच्या सीडी४ टी-पेशींत. हा लिम्फोमा बहुतेक वेळा बी-पेशींचा असतो आणि त्या गाठीतल्या पेशींत एचआयव्हीची जनुके सहसा सापडत नाहीत. ‘प्रतिकारशक्ती खालावली म्हणून होतो’ हेही अर्धेच खरे. ती ढासळली की शरीरात दबून असलेला एप्स्टाइन-बार विषाणू डोके वर काढतो आणि काही लिम्फोमांना तो कारणीभूत ठरतो. पण बर्किट प्रकारचा लिम्फोमा सीडी४ पेशींची संख्या बरी असतानाही होतो.

इथे एचआयव्हीच्या प्रथिनांचा संशय येतो. टॅट आणि पी१७ ही प्रथिने बाधित पेशीतून बाहेर पडतात आणि शेजारच्या निरोगी बी-पेशींना गाठतात. प्रतिपिंडे घडवताना बी-पेशी स्वतःचाच डीएनए कापून पुन्हा जोडतात. त्यात आठव्या गुणसूत्रावरचे मिक जनुक चौदाव्याला चुकून जोडले गेले, की पेशी बेसुमार वाढू लागते. बर्किटमध्ये हेच घडते. टॅटमुळे पेशीकेंद्रकात हे दोन भाग एकमेकांजवळ येतात, असे प्रयोगांत दिसले आहे. इटलीतल्या ब्रेशिया विद्यापीठात आर्नाल्दो कारूझो यांच्या गटाला पी१७चे काही बदललेले प्रकार बी-पेशींच्या वाढीला चालना देताना आढळले. हे पुरावे मुख्यतः प्रयोगशाळेतले आहेत. त्यामुळे ही प्रथिने हातभार लावत असावीत, एवढेच आज म्हणता येते.

‘व्हायरल लोड सापडत नाही, म्हणजे धोका टळला’ हा समज मला सर्वांत घातक वाटतो. एआरटीने लिम्फोमाचा धोका बराच घटतो, म्हणून गोळी एक दिवसही चुकवू नये. पण विषाणूची जनुके काही पेशींत दडून राहतात आणि उपचार चालू असलेल्यांच्या लसीकाग्रंथींतही पी१७ आढळले आहे. रिपोर्ट चांगला असला तरी वाढती गाठ दाखवायलाच हवी.

ताप, रात्रीचा घाम, घटते वजन ही लक्षणे टीबीत आणि लिम्फोमात सारखीच असतात. नुसत्या अंदाजावर टीबीचा कोर्स सुरू झाला आणि गाठ वाढतच राहिली, तर मोलाचे महिने हातचे जातात. सुईच्या तपासणीने नेहमी भागत नाही. लिम्फोमाची शंका असेल तर शक्यतो अख्खी गाठ काढून बायोप्सी करावी लागते.

‘एचआयव्हीत केमो झेपत नाही’ हेही खरे नाही. एआरटी चालू ठेवून केमो देतात आणि अनेक रुग्ण बरे होतात. मात्र झिडोव्हुडिनसारखी गोळी केमोसोबत रक्तपेशी आणखी घटवते, ती बदलावी लागते. त्यासाठी एआरटीचे कार्ड कर्करोगाच्या डॉक्टरांना आणि केमोचे कागद एआरटी सेंटरला दाखवावेत.