ऑनर्सचा प्रबंध करताय? विषय नवी मुंबईतच आहे!

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा जास्त गुण असतील, तर पदवीच्या चौथ्या वर्षी संशोधन करता येतं. यूजीसीच्या आराखड्यात प्रबंधाला १२ क्रेडिट आहेत.

पण 'नवी मुंबईतील प्रकल्पग्रस्त' हा विषय झाला, प्रश्न नव्हे. १९७० मध्ये नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ आलं, ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. जानेवारी १९८४ मध्ये शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या प्रकल्पग्रस्तांच्या आंदोलनात ५ शेतकरी हुतात्मा झाले. पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देणारी साडेबारा टक्के योजना आली. आता प्रश्न नेमका करा: एका गावातल्या आगरी कुटुंबांत या योजनेतल्या भूखंडाचा वाटा मुलींना मिळाला का? कसा ठरला?

🔹 एक गाव, एकच प्रश्न.
🔹 आधीचं संशोधन वाचा. कुठली बाजू राहिली ते टिपा.
🔹 १५-२० सविस्तर मुलाखती पुरतात. मात्र त्यावरून सगळ्या ९५ गावांबद्दल निष्कर्ष नको.
🔹 मुलाखतीआधी लेखी संमती घ्या, प्रबंधात नावं बदला.
🔹 सातबारा, भूसंपादनाचे निवाडे, जुनी वर्तमानपत्रं यांच्याशी ऐकलेलं ताडून पाहा.

आजी-आजोबांची पिढी आहे तोवर मुलाखती उरका. कागदपत्रं नंतरही मिळतील.